मापकाला न ऐकू येणारा घुमारा

मोटारींच्या आवाजावर जगभर निर्बंध वाढत असताना स्पोर्ट्‌स मोटारींविषयीची एक तक्रार मात्र कमी व्हायला तयार नाही. आणि गंमत अशी, की ही तक्रार शेजाऱ्यांची नसून खुद्द मालकांची आहे. मोटारीचा मूळ सायलेन्सर काढायचा, घसघशीत रक्कम मोजून दुसऱ्या कंपनीची निकास यंत्रणा बसवायची, दोन दिवस तिच्या गर्जनेवर खूश राहायचे आणि तिसऱ्या दिवशी महामार्गावर तासभर गाडी चालवल्यावर डोके जड झाल्याची कबुली द्यायची, हा अमेरिका, युरोप आणि जपानमधील हौशी मोटारमालकांचा नित्याचा अनुभव आहे. एका ठराविक वेगाला मोटारीच्या आत सलग, एकसुरी, छातीत भरणारा घुमारा उठतो. वेग थोडा वाढवला वा घटवला की तो नाहीसा होतो. परंतु महामार्गावर ज्या वेगाने जायचे असते, नेमक्या त्याच वेगाला तो ठाण मांडून बसतो. इंग्रजीत याला ‘ड्रोन’ म्हणतात. आकाशात उडणाऱ्या यंत्राशी त्याचे नाते नाही, तंबोऱ्याच्या अखंड सुराशी आहे. फरक एवढाच, की तंबोरा खाली ठेवता येतो.

मूठभर श्रीमंतांच्या हौसेतून उद्भवलेली डोकेदुखी म्हणून हा विषय सोडून देणे सोपे आहे. परंतु या घुमाऱ्याचे निदान करू लागले, की आवाजाविषयीचे कायदे नेमके काय मोजतात आणि काय मोजतच नाहीत, हे उघड होते. तो प्रश्न मोटारमालकापुरता राहत नाही.

आधी पार्श्वभूमी. युरोपीय संघाने २०१४ मध्ये संमत केलेल्या ५४०/२०१४ या नियमावलीने साध्या मोटारीची आवाजमर्यादा तीन टप्प्यांत ७२, ७० आणि ६८ डेसिबल अशी उतरवत नेली. वजनाच्या मानाने अतिशय शक्तिमान, बसक्या स्पोर्ट्‌स मोटारींना थोडी सवलत मिळाली. त्यांची मर्यादा ७५ वरून ७२ वर यायची होती. तिसरा टप्पा नव्या नमुन्यांना जुलै २०२४ पासून लागू झाला. दरम्यान, २०१८ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या थेट इंधन-फवारणीच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत सूक्ष्म कण अडवणारी गाळणी आली. प्रदूषणाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण त्या गाळणीने निकास वायूचा आवाजही बराच गाळला. परिणामी नवी स्पोर्ट्‌स मोटार जुनीपेक्षा वेगवान, परंतु आवाजाने मवाळ झाली. इंजिनाचा आवाज हाच ज्या ग्राहकाच्या खरेदीतला अर्धा आनंद असतो, तो मग दुसऱ्या सायलेन्सरकडे वळतो. कारखान्यांनाही याची जाणीव आहेच. इंजिनाचा आवाज नळीवाटे केबिनमध्ये आणणे किंवा ध्वनिवर्धकांतून कृत्रिमरीत्या ऐकवणे, हे उपाय त्यांनी योजलेच. ह्युंदाईने तर २०२३ मध्ये आयोनिक ५ एन या विजेवरच्या मोटारीला नसलेल्या इंजिनाचा आवाज बहाल केला.

आता घुमाऱ्याकडे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट घेतो. म्हणजे चार सिलिंडरचे इंजिन एका फेऱ्यात दोनदा आणि आठ सिलिंडरचे चारदा धडकते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. चार सिलिंडरमध्ये त्याचे १०० धक्के होतात. हाच तो १०० हर्ट्झचा सूर. आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन २००० फेऱ्यांवर सुमारे १३३ हर्ट्झचा सूर धरते. त्याच्या दोन रांगांच्या दोन नळ्या मध्ये कोठेही न जोडता मागपर्यंत स्वतंत्र नेल्या, तर प्रत्येक नळीत निम्मेच धक्के उरतात आणि त्याच्या निम्म्याने, म्हणजे ६७ हर्ट्झच्या आसपास, एक खर्जातला सूर जागा होतो. अमेरिकी व्ही-८ च्या ज्या गडगडाटावर लोक जीव टाकतात, त्याचे मूळ बरेचसे येथेच आहे, घुमाऱ्याचेही.

एवढ्याने घुमारा होत नाही. त्याला साथ देणारा दुसरा पक्ष लागतो आणि तो म्हणजे मोटारीची केबिन. समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचे अंतर सुमारे दोन मीटर धरले, तर त्या पोकळीतील हवा साधारण ८५ हर्ट्झला आपणहून डोलू लागते. मंदिराच्या गाभाऱ्यात विशिष्ट पट्टीचा सूर लावला की भिंती बोलू लागल्यासारखे वाटते, तोच हा अनुनाद. चार सिलिंडरची मोटार ८५ हर्ट्झचा सूर सुमारे २५५० फेऱ्यांना लावते. वरच्या गिअरमध्ये महामार्गावर इंजिन बहुधा याच पट्ट्यात फिरत असते. मूळ सायलेन्सर तयार करताना कारखान्यातील अभियंत्यांनी हाच सूर दाबण्यासाठी पेटीतल्या कप्प्यांची मापे बेतलेली असतात. ती पेटी उतरवून सरळ नळी बसवली, की त्या श्रमांवर पाणी पडते.

आणि येथेच कायद्याची बाजू सुरू होते. वाहनांचा आवाज जगभर ‘ए’ मापाच्या डेसिबलमध्ये मोजला जातो. मानवी कानाला मंद आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून हे माप खर्जातील आवाजाला मुद्दाम कमी गुण देते. किती कमी? १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल आणि ६३ हर्ट्झला सुमारे २६. म्हणजे घुमाऱ्याचा जो मुख्य सूर आहे, त्यातला मोठा भाग मापकाच्या हिशेबात धरलाच जात नाही. चाचणीची पद्धतही अशीच. उभ्या गाडीच्या चाचणीत नळीच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांत मायक्रोफोन ठेवतात आणि चढ्या फेऱ्यांच्या अनेक मोटारींसाठी इंजिन ३७५० फेऱ्यांवर नेतात. धावत्या चाचणीत मोटार ५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने येते, जोराने ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि साडेसात मीटर अंतरावरील मायक्रोफोन तिचा आवाज टिपतो. शांतपणे २००० ते २६०० फेऱ्यांवर तासन्‌तास जाणाऱ्या मोटारीत काय घडते, हे यांपैकी कोणतीही चाचणी विचारत नाही. त्यामुळे मान्यताप्राप्त, पूर्णतः कायदेशीर अशी बदली यंत्रणा असह्य घुमणारी असू शकते आणि कर्कश, बेकायदा नळी अजिबात न घुमणारीही असू शकते. ‘मोठा आवाज’ आणि ‘घुमारा’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे न कळल्यामुळेच मालक चुकीच्या उपायांवर पैसे घालवतात.

मग निदान कसे व्हावे? सर्वांत आधी हा आवाज निकास यंत्रणेचाच आहे का, याची खातरजमा हवी. टायर, चाकाचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट यांचेही आवाज एका ठराविक वेगाला घुमतात आणि नवी नळी बसवल्यानंतर प्रत्येक आवाजाचा आळ तिच्यावरच येतो. परीक्षा सोपी आहे. एकाच वेगाने दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये जावे. आवाज रस्त्यावरच्या वेगाला चिकटून राहिला, तर दोष चाकांकडे आहे. फेऱ्यांच्या काट्याला चिकटून राहिला, तर इंजिन वा निकासाकडे. त्यानंतर त्याच फेऱ्यांवर ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलून पाहावे. निकासाचा घुमारा इंजिनावरील भाराबरोबर वाढतो आणि पाय उचलताच ओसरतो. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये तेवढेच फेरे दिले तर तो पुष्कळदा जाणवतही नाही. गॅरेजमध्ये ‘सर्व ठीक आहे’ म्हणून परत पाठवलेली गाडी महामार्गावर पुन्हा घुमू लागते, ती याच कारणाने.

दुसरी पायरी सूर ओळखण्याची. पूर्वी यासाठी प्रयोगशाळा लागे. आता भ्रमणध्वनीवरचे वारंवारता दाखवणारे साधे ॲप पुरते. चालकाशेजारी बसलेल्याने ध्वनिमुद्रण करावे, सर्वांत उंच शिखर किती हर्ट्झवर आहे ते पाहावे आणि फेऱ्यांवरून काढलेल्या आकड्याशी ताडावे. दोन्ही जुळले तर इंजिनाच्या धक्क्यांचाच सूर घुमतो आहे. शिखर त्याच्या निम्म्यावर असेल, तर व्ही इंजिनाच्या दोन नळ्या एकमेकींशी न जोडल्याचा संशय घ्यावा. तेथे दोहोंना जोडणारी आडवी नळी किंवा ‘एक्स’ आकाराचा सांधा हा पहिला उपाय ठरतो. खिडकी दोन बोटे उघडल्यावर घुमारा एकदम बदलत असेल, तर केबिनच्या पोकळीचा त्यात मोठा वाटा आहे.

तिसरी पायरी गाडीखाली वाकण्याची आहे आणि ती बहुतेक जण टाळतात. निकासाची नळी रबरी कड्यांवर टांगलेली असते. बदली नळीचा व्यास मोठा असतो. ती वाकणात कोठेतरी मोटारीच्या तळाला, उष्णता अडवणाऱ्या पत्र्याला वा मागच्या आडव्या दांड्याला टेकते. थंड असताना बोटभर जागा दिसते, पण तापल्यावर नळी लांबते आणि ती जागा संपते. मग हवेतून येणाऱ्या आवाजाला पत्र्यातून येणारा थरकाप मिळतो. कडक झालेले रबर, किंवा ‘मजबूत’ म्हणून बसवलेली नको तितकी घट्ट कडी, हेही तेच काम करतात. चकाकी पुसलेली, घासलेली जागा शोधली तर दोष सापडतो आणि कडी बदलण्याचा खर्च नव्या सायलेन्सरच्या तुलनेत किरकोळ असतो. या तपासणीआधी दुसरी यंत्रणा विकत घेणे म्हणजे ताप मोजण्याआधी शस्त्रक्रिया ठरवणे होय.

उपायांच्या बाजारात मात्र भलत्याच गोष्टी खपतात. काचतंतू भरलेला आणखी एक सरळ सायलेन्सर जोडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. असे तंतू उंच पट्टीचा आवाज शोषतात. खर्ज त्यांतून जवळजवळ तसाच पार होतो. उलट वरचे सूर गेल्याने उरलेला घुमारा अधिकच उघडा पडतो. केबिनच्या तळाला चिकटवायच्या डांबरी वा ब्यूटाइलच्या चादरींची गोष्टही फारशी निराळी नाही. पत्र्याचा थरकाप त्या कमी करतात; हवेत भरून राहिलेल्या १०० हर्ट्झच्या लाटेला त्या अडवू शकत नाहीत. किलोकिलोने वजन वाढवून हलकी स्पोर्ट्‌स मोटार जड करण्याचे पुण्य तेवढे पदरी पडते.

खरा उपाय त्या एका सुरालाच नेमका गाठण्याचा आहे. मुख्य नळीला फांदीसारखी, दुसऱ्या टोकाला बंद केलेली एक नळी जोडतात. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवली, तर आत गेलेली लाट बंद टोकावर आपटून परतेपर्यंत अर्ध्या तरंगाने मागे पडते आणि मूळ लाटेला छेद देते. ३०० अंश सेल्सियस तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो. १०० हर्ट्झसाठी तरंगलांबी ४.८ मीटर आणि फांदीची लांबी १.२ मीटर झाली. मागच्या बाजूला वायू २०० अंशांपर्यंत निवला असेल, तर हीच लांबी सुमारे १.१ मीटर भरते. दहा सेंटिमीटरचा हा फरक उपाय लागू पडणे आणि न पडणे यांतला फरक आहे. म्हणून नळी आधी थोडी लांब ठेवावी आणि चाचणी घेत कापत आणावी. अमेरिकेतील कोर्सा या कंपनीने लाटेने लाट मारण्याच्या या तत्त्वावरच आपल्या सायलेन्सरांचा लौकिक उभा केला. तत्त्व नवे नाही, शालेय भौतिकशास्त्रातले आहे. अडचण एवढीच, की ती फांदी एकाच सुरावर चालते. सूर न मोजता बसवली, तर गाडीखाली लोंबकळणारी ती एक निरुपयोगी नळी ठरते.

अलीकडच्या मोटारींत निदान आणखी अवघड झाले आहे. इंधन वाचवण्यासाठी काही व्ही-८ इंजिने कमी भारावर चार सिलिंडर झोपवतात. २०१४ ची कॉर्व्हेट स्टिंग्रे हे त्याचे ठळक उदाहरण. १५०० फेऱ्यांवर आठ सिलिंडरचा सूर १०० हर्ट्झचा असतो, तो चारांवर एकदम ५० हर्ट्झवर उतरतो. हा खर्ज दाबण्यासाठी मूळ यंत्रणेत झडपा असतात. बिनझडपेची बदली नळी लावली, की शांतपणे चालणारी मोटार सिलिंडर झोपताच घुमू लागते. मग इंधनबचतीची सोयच बंद करणारे उपकरण मालक बसवतात, म्हणजे आवाजासाठी केलेल्या बदलाची किंमत पेट्रोलमध्ये चुकवतात. काही मोटारींत केबिनमधील मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक मिळून कारखान्याने अपेक्षिलेला घुमारा विरुद्ध लाटेने मारत असतात. निकास बदलला की ही व्यवस्था अंदाज चुकून स्वतःच आवाजात भर घालू शकते. तिचा फ्यूज वा जोड तात्पुरता काढून पाहणे, हेही निदानाचाच भाग झाले आहे.

हा झाला गाडीच्या आतला हिशेब. बाहेर काय? उंच पट्टीचा आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते. खर्ज भिंतीतून आणि बंद खिडकीतून आत येतो. पहाटे सुरू होणारी स्पोर्ट्‌स मोटार म्हणूनच कानांआधी उशाला जाणवते. फोर्डच्या एका माजी अभियांत्रिकी प्रमुखांच्या शेल्बी मस्टँगविरुद्ध त्यांच्या शेजाऱ्याने पोलिसांना बोलावले होते आणि त्यातूनच २०१८ च्या मस्टँग जीटीमध्ये ठराविक वेळी झडपा मिटून आवाज खाली ठेवणारी ‘चांगला शेजारी’ ही सोय आली. कारखान्याकडे अशी झडप असते. बाजारातल्या सरळ नळीकडे पुष्कळदा ती नसते.

सरकारांनी मात्र मोठ्या आवाजाचाच पाठलाग आरंभला आहे. कॅलिफोर्नियात ९५ डेसिबलच्या मर्यादेचा भंग करणाऱ्याला पूर्वी दुरुस्ती करून दाखवण्याची सवलत होती. २०१९ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने थेट दंडाची वाट धरली. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताने जून २०२० मध्ये काही घाटरस्त्यांवर ९५ डेसिबलपेक्षा अधिक नोंद असलेल्या मोटरसायकलींना बंदी केली. पॅरिस परिसर, न्यूयॉर्क आणि ब्रिटनमधील काही शहरांत आवाज टिपणारे कॅमेरे आले. हे सारे योग्यच आहे. फटाक्यासारख्या नळीला कोणी आश्रय देऊ नये. पण या यंत्रांचाही आधार ‘ए’ मापाचाच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले होते, की खर्जाला जवळजवळ पूर्ण गुण देणारे ‘सी’ माप आणि ‘ए’ माप यांत दहापेक्षा अधिक डेसिबलचा फरक दिसला, तर एका आकड्यावर न थांबता वारंवारतेचे पृथक्करण करावे. वाहनांच्या नियमांत ही सूचना उतरलेली नाही.

महाराष्ट्रात स्पोर्ट्‌स मोटारी मोजक्या. येथील प्रश्न प्रामुख्याने मोटरसायकलींच्या बदललेल्या सायलेन्सरांचा आहे. जप्त केलेल्या शेकडो सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे पुणे, नागपूरपासून अनेक शहरांतून येत असतात. कायदा पुरेसा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि निर्मात्याच्या मूळ स्वरूपापासून वाहन भिन्न होईल असा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. मात्र चौकातला हवालदार बहुधा कानावरच भिस्त ठेवतो. कर्कश फटफट त्याला लगेच कळते. झडपेविना मंद्र घुमणारी महागडी मोटार त्याच्यासमोरून सभ्यपणे निघून जाते. नव्या मोटारीसाठी ७४ डेसिबलची मर्यादा देशात २००५ पासून आहे, परंतु ती कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नमुन्याला. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत वाहनांच्या ध्वनीचे सखोल पृथक्करण होते. ते ज्ञान वाहन रस्त्यावर आल्यानंतर त्याच्या वाट्याला फारसे येत नाही.

वास्तविक आवाज कालांतरानेच वाढतो. बदली सायलेन्सरातील काचतंतू उष्णतेने झिजतात, उडून जातात आणि बसवताना मर्यादेत असलेली नळी काही वर्षांत मर्यादा ओलांडते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांची असते. तोवर तिला सक्तीने तपासणी केंद्रात आणणारे कोणी नाही. आणि पंधरा वर्षांनी आणले, तरी तेथे १०० हर्ट्झवर काय घुमते आहे, हे विचारणारा रकाना अर्जात नाही.